मुंगी चावल्यासारखं म्हणे

“काय होत नाय गं, मुंगी चावल्यासारखं वाटणार फक्त.” हे आधी दवाखान्यात सिस्टर बोलली, मग मी बोलले, मग नवरा बोलला. आणि अर्ध्या तासाने परत येताना गाडीत पोरगी हुंदके देत मला विचारते, “आई, मुंगी एवढी मोठी असते?”

मी गाडीचा एसी वाढवला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

झालं असं की चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी आमच्या मूळ घरी, गोव्यात डिचोली तालुक्यात, तीसेक माणसं जमतात, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसते, एकीकडे नेवऱ्या (करंज्या) तळणं चाललेलं, दुसरीकडे पातोळ्या उकडायला ठेवलेल्या, बाहेर पुरुषमंडळी माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधतायत, आणि या सगळ्यात आमची बाय (वय वर्षं नऊ, नाव इथे लिहीत नाही, घरात सगळे बायच म्हणतात) हळदीच्या पानांचा वास आला म्हणून पातेल्याचं झाकण उघडायला गेली. पातेलं कलंडलं. डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, उकळतं पाणी.

त्या दिवशी मी एकच गोष्ट बरोबर केली. हात नळाखाली धरला तो वीस मिनिटं काढला नाही. जाऊ टूथपेस्ट घेऊन आली, एक काकी हळद घेऊन आली, कोणीतरी फ्रीजमधला बर्फ आणला, सगळ्यांना परत पाठवलं. भाजल्यावर साधं वाहतं गार पाणी, वीस मिनिटं, बाकी काही नाही, बर्फसुद्धा नाही. हे मी कुठेतरी वाचलेलं आणि नशिबाने त्या क्षणी आठवलं. पोस्टमधलं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

डॉक्टर म्हणाले वरवरचं सेकंड डिग्री आहे, फोड आलेत पण खोल नाही, दोनेक आठवड्यांत भरेल, दिवसाआड ड्रेसिंग. जास्त भाजलं असतं तर सरळ बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवलं असतं, त्यामानाने आपण सुटलो असं वाटलं. पण ड्रेसिंग म्हणजे काय ते मला तेव्हा माहीतच नव्हतं. (आमच्या घरात कोकणीच बोलतात, लिहायला बसलं की मात्र मराठीच येतं, त्यामुळे यातले संवाद बहुतेक मराठी करून लिहितेय, गोंयकारांनी सांभाळून घ्यावं.)

पहिलं ड्रेसिंग. जखमेतून पाणी सुटतं, ते सुकलं की गॉज चिकटतो, तो सलाईन ओतून भिजवत भिजवत सोडवायचा, मग धुवायचं, मग ते पांढरं मलम, मग परत जाळी आणि पट्टी. दहा-बारा मिनिटांचं काम. मी पाय धरलेले, नवऱ्याने खांदे, वॉर्डबॉयने उजवा हात, डावा सिस्टरच्या हातात. चार मोठी माणसं एका पोरीवर. ती किंचाळत होती आणि आम्ही चौघं एका सुरात मुंगीचं गाणं गात होतो.

दुसरं ड्रेसिंग याहून वाईट. तेव्हा जखम खरं तर बरी दिसत होती, पण यावेळी रडणं सुरू झालं ते गॉजचं पाकीट फाडल्याचा आवाज आला तेव्हाच, हाताला अजून कोणी स्पर्शही केला नव्हता. नंतर वाचलं तर हे असंच होतं म्हणे, पहिल्या वेळी दुखलं की पुढच्या वेळी भीती आधी येऊन बसते आणि भीतीने दुखणं वाढतं, मग पुढच्या वेळी भीती आणखी मोठी. दवाखान्याला मी नावं ठेवत नाही, कोणता तेही सांगणार नाही, तिथली माणसं चांगलीच होती. पण “घट्ट धरा” ही तिथली एकमेव पद्धत होती आणि आम्हालाही दुसरी कुठे माहीत होती.

दुसऱ्या ड्रेसिंगनंतर, घरात गणपती होते तेव्हाच, माझा धाकटा भाऊ आला पर्वरीहून. तो इंटिरियरचं काम करतो, गिऱ्हाईकाला न बांधलेलं घर दाखवायला त्याच्याकडे तो व्हीआरचा (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा) डबा आहे, डोळ्यांवर बांधायचा. तारवावर (जहाजावर) असलेल्या मित्राने आणून दिलेला. आरती झाली, घुमटं (आरतीला वाजवायची मातीची वाद्यं) खाली ठेवली, आणि हा म्हणतो, “ताई, अमेरिकेत भाजलेल्या पोरांना ड्रेसिंगच्या वेळी हेच लावतात.” मी म्हटलं तू गप बस, तुला प्रत्येक दुखण्यावर एक गॅजेट सापडतं. पण रात्री झोप येत नव्हती, मोबाईल हातात होताच.

आणि तो खरं बोलत होता. म्हणजे हे काही परवाचं फॅडसुद्धा नाही. १९९६ च्या सुमाराला सिएटलमध्ये सुरू झालेलं, वॉशिंग्टन विद्यापीठातले हंटर हॉफमन आणि तिथल्या हार्बरव्ह्यू बर्न सेंटरमधले डेव्हिड पॅटरसन, दोघेही मानसशास्त्रज्ञ. यातली गंमत म्हणजे त्यांनी सुरुवातीला वापरलेला व्हीआर भाजलेल्यांसाठी बनवलेलाच नव्हता, कोळ्याची भीती वाटणाऱ्या लोकांसाठी होता, स्पायडरवर्ल्ड नावाचा. होतं ते वापरलं. २००० साली ‘पेन’ नावाच्या जर्नलमध्ये त्यांनी दोन मुलांबद्दल लिहिलं, एक १६ वर्षांचा, एक १७ चा, दोघं भाजलेले, जखमेचं काम चालू असताना थोडा वेळ साधा व्हिडिओ गेम दिला आणि थोडा वेळ व्हीआर. व्हीआरमध्ये दुखणं बरंच कमी जाणवलं. दोनच मुलं, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही, पण तिथून पुढे सगळं सुरू झालं.

मग त्यांनी खास भाजलेल्या रुग्णांसाठी स्नोवर्ल्ड बनवलं. बर्फाच्या दरीतून तुम्ही हळूहळू तरंगत जाताय आणि बर्फाचे गोळे मारायचे, स्नोमॅनला, पेंग्विनला. भाजलेल्याला आगीची आठवणसुद्धा येऊ नये म्हणून सगळं थंड, निळं-पांढरं. ज्यांचं डोकं-चेहरा भाजलाय त्यांना डबा बांधता येत नाही, त्यांच्यासाठी गॉगल एका लोखंडी हातावर बसवून नुसता डोळ्यांसमोर आणून ठेवायची सोयसुद्धा केली. हे वाचून मला खूप बरं वाटलं, कोणीतरी एवढा विचार केलाय म्हणून. मात्र आमच्या बायने बर्फ पाहिलाय तो म्हापशाच्या मासळी बाजारात बांगड्यांवर पसरलेला, त्यामुळे स्नोवर्ल्ड आमच्याकडे कितपत चाललं असतं शंकाच आहे.

हे चालतं कसं? १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी मांडलेलं की पाठीच्या कण्यात दुखण्याला एक दार आहे, गेट, ते कमी-जास्त उघडतं, आणि वरून मेंदूसुद्धा ते ओढून घेऊ शकतो. म्हणजे जखम तेवढीच असली तरी दुखणं तेवढंच असेल असं नाही, लक्ष कुठे आहे, भीती किती आहे, यावर ते ठरतं. मी माझ्यासाठी ते आपल्या खाजगी बसवर बसवलं. मेंदू म्हणजे डिचोली-पणजी बस. सीटा भरल्या, उभे राहणारे भरले, कंडक्टर “फाटीं वच, फाटीं वच” (मागे जा, मागे जा) करतोय. व्हीआर काय करतो तर डोळे, कान, मान, हात, सगळ्यांची तिकिटं काढून बस आधीच भरून टाकतो. दुखणं स्टॉपवर असतंच, चढतंही, गोव्याच्या बसमध्ये कोणाला नाही म्हणत नाहीत, पण दारात लोंबकळतं. सीट मिळत नाही.

आणि हे नुसतं सांगण्यापुरतं नाही. २००४ मध्ये हॉफमनच्याच टीमने धडधाकट माणसांच्या पायाला तापवून चटका दिला आणि मेंदूचं एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारं स्कॅन) काढलं, व्हीआर चालू असताना मेंदूतल्या दुखण्याशी संबंधित पाच भागांतली हालचाल कमी झालेली दिसली. मला हे महत्त्वाचं वाटलं कारण “लक्ष दुसरीकडे वेधलं” म्हटलं की आपल्याला वाटतं पोराला फसवलं, दुखत तर होतंच. तसं नाही, दुखणंच कमी होतं.

दुसऱ्या दिवशी भावाने उत्साहात घरीच ट्रायल घेतली. कुठला व्हिडिओ लावला? रोलर कोस्टर. चवथीचं जेवण, वर दोन नेवऱ्या, आणि रोलर कोस्टर. तिसऱ्या वळणावर बाय ओकली. सासूबाई मागच्या दारातून ओरडल्या की आता हात भाजलेला पुरे नाही झाला काय. व्हीआरमध्ये डोळे सांगतात आपण धावतोय आणि कानातला तोल सांगतो बसलोय, त्या भांडणात पोट ढवळतं. म्हणून या कामाला एका जागी बसून करायचं किंवा अगदी सावकाश जाणारं काहीतरी लागतं. शेवटी समुद्राखालचं एक सापडलं, तुम्ही खडकावर बसलाय, मासे येतात-जातात, उजव्या हाताने कंट्रोलर दाखवला की मासा जवळ येतो. नुसतं बघण्यापेक्षा काहीतरी करायचं असलं की जास्त गुंतायला होतं. बायने पहिल्या मिनिटाला जाहीर केलं की यात चणक (आमच्याकडचा आवडता मासा) नाही, मोरी (शार्क) आहे पण खोटी वाटते.

डॉक्टरांना विचारायला मी आढेवेढे घेत गेले, म्हटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, “बघू, पण माझ्या अटी.” डबा सगळा पुसून आणायचा, चेहऱ्याला लागतो तिथे स्वच्छ कापड, केस बांधलेले, कंट्रोलर फक्त चांगल्या हातात, भाजलेल्या हाताजवळ काही आणायचं नाही, कधी फिट आली होती का तेही विचारलं. वरून म्हणाले, घरून निघताना वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, चाळीसेक मिनिटं आधी. मी विचारलं हे पहिल्या दोन वेळा का नाही सांगितलं, तर ते एक क्षण गप्प बसले आणि म्हणाले सांगायला हवं होतं. मला तो माणूस तिथे आवडला. कंपनी स्वतः दहा वर्षांखाली वापरू नका म्हणते आणि बाय नऊची, हेही मी सांगितलं, ते म्हणाले दहा मिनिटं आपल्या डोळ्यांसमोर, चालेल. घरी तासन्‌तास द्यायचं असतं तर मीही दिलं नसतं.

तिसरं ड्रेसिंग. यावेळी तिला टेबलावर आडवी केली नाही, ती माझ्या मांडीवर बसली, पाठ माझ्या छातीला, डावा हात बाजूला उशीवर. हेही मी वाचलेलं, आडवं पाडून धरलं की पोरांना जास्त भीती वाटते, बसलेलं असलं की कमी. डबा बांधला. गॉजचं पाकीट फाडलं तेव्हा ती मला सांगत होती की एक कासव आलंय. सिस्टरने सलाईन ओतलं, बायचं अंग ताठ झालं, मला कळलं, छातीशीच होती ना ती. “आई गार पाणी आलं,” म्हणाली, समुद्राचं की हातावरचं कोण जाणे. गॉज सोडवताना एकदा मोठ्याने ओरडली, “आऽऽ”, आणि लगेच पुढे, “कासव गेलं गं!” धुताना रडली, खोटं कशाला बोलू. पण ते रडणं साधं होतं, दुखलं म्हणून रडतात तसं. पहिल्या दोन वेळचं तसं नव्हतं, ते कोणी मारून टाकतंय असं होतं. कोणी पाय धरले नाहीत, नवरा नुसता भिंतीला टेकून उभा होता, हात कुठे ठेवावेत त्याला कळत नव्हतं.

नंतर डॉक्टरांनी तिला सहा चेहऱ्यांचं चित्र दाखवलं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, शून्य ते दहा, कुठला तुझा. तिने सहा आकड्याचा चेहरा दाखवला. मागच्या वेळचा विचारला तर म्हणे त्यात तो चेहरा नाहीच आहे.

इथे पोस्ट संपवली असती तर भावाने ती आपल्या सगळ्या गिऱ्हाईकांना पाठवली असती. पण चौथं ड्रेसिंग झालं. मासे आले, कासव आलं, आणि दोन मिनिटांत बायने उजव्या हाताने डबा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, “मला बघायचंय.” मी म्हटलं नको बघू. “नाही, मला बघायचंय काय करतात ते.” सिस्टरने थांबून माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. तिने पाहिलं, गुलाबी झालेली कातडी, कडेला सुटलेली साल, आणि म्हणाली, “ईऽऽ, पापडासारखं.” मग परत डबा खाली. पुन्हा दोन मिनिटांनी वर. असं वर-खाली करत सगळं ड्रेसिंग झालं आणि ते तिसऱ्यापेक्षा शांत झालं.

काही पोरांना न बघितलेलं बरं वाटतं आणि काहींना काय चाललंय ते कळलं नाही तर जास्त भीती वाटते, ही माहितीही संशोधकांना फार जुनी आहे. दोन्ही प्रकारची पोरं असतात, आणि आमच्यासारखी अर्ध्या मिनिटाला पक्ष बदलणारीही असतात. डबा काढायची मुभा तिच्याकडे राहिली हे बरं झालं. नाहीतर आधी चार माणसांनी धरायचं आणि आता डब्याने धरायचं, एवढाच फरक झाला असता.

२०२० मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था) मुलांच्या दुखण्यावरच्या व्हीआरच्या चाचण्या गोळा करून तपासल्या, १७ चाचण्या, ४ ते १८ वयाची १००८ मुलं, सुई टोचणं, ड्रेसिंग, दात वगैरे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की काही ठिकाणी फायदा दिसतो पण पुरावा कच्चा आहे, अभ्यास लहान, खात्रीने सांगता येत नाही. मला ते वाचून निराशा वगैरे झाली नाही. दोन वेळा मांडीवर पोरगी घेऊन मी जे पाहिलं तेही साधारण तसंच आहे, उपयोग झाला, पण त्याच दिवशी पॅरासिटामॉलही दिलेलं, मांडीवरही बसवलेलं, आणि जखमही आणखी दोन दिवस जुनी झालेली, मग श्रेय कोणाला किती? प्रयोग म्हणून बघितलं तर आमचं सगळं चुकलेलं. आई म्हणून मला चालतं.

पण डब्याच्या नादात मला जे कळलं ते वेगळंच. मुलांचं दुखणं आपण मोजतच नाही. “लहान आहे, विसरेल.” १९८० च्या दशकापर्यंत तर नवजात बाळांना पुरेशी भूल न देता ऑपरेशनं व्हायची, अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, मोठमोठ्या हॉस्पिटलांत, कारण इतक्या लहान जिवाला दुखणं कळत नाही अशी समजूत आणि भूल झेपणार नाही अशी भीती. १९८७ मध्ये आनंद आणि हिकी या संशोधकांचा लेख आला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये, बाळांनाही दुखतं याचे पुरावे मांडणारा, तेव्हा कुठे मोठा बदल सुरू झाला. माझा जन्म त्याच्या दोन वर्षं आधीचा. आईला विचारलं मला लहानपणी काही टाके वगैरे घातले होते का. ती म्हणाली, “घातलेले की हनुवटीला, पाच जणांनी धरलेलं तुला, आठवत नसेल.” मला आठवत नाही. पण आजही दवाखान्यात स्पिरिटचा वास आला की माझे तळहात भिजतात.

तर आता कोणी विचारलं की एवढा महागाचा डबा घ्यावा का, तर माझं उत्तर, एका भाजण्यासाठी मुळीच नको. पण ज्या पोरांना महिन्या-महिन्याला टोचावं लागतं, थॅलेसेमियाची, कॅन्सरची, त्यांच्या वॉर्डात एक असावा असं मात्र मला मनापासून वाटतं, एका डब्यात दिवसाला दहा पोरं होतात. बाकी आपल्यासारख्यांनी डॉक्टरला आधी विचारायचं, दुखणं कमी करायला काय देता. सुई टोचायच्या आधी लावायचं बधिर करणारं क्रीम मिळतं, ते तासभर आधी लावावं लागतं एवढंच. मांडीवर बसवा. फुगे फुंकायला द्या, साबणाचे, पाच-दहा रुपयांची बाटली, फुंकताना श्वास आपोआप लांब होतो. मोबाईलवरचं कार्टूनही चालतं. आणि मुंगी नको.

शेवटच्या ड्रेसिंगला डबा नव्हताच, भावाला पर्वरीला काम होतं, तो घेऊन गेलेला. आम्ही घरून निघतानाच तिला सांगितलं की आज मासे नाहीत. ती काही बोलली नाही, गाडीत खिडकीबाहेर बघत बसली. दवाखान्यात तीच सिस्टर. तिने सवयीने सुरुवात केली, “रडूं नाका गो बाय, मूय (मुंगी)...” आणि माझ्याकडे बघून थांबली. मग म्हणाली, “मातशें दुखतलें हां.” थोडं दुखेल, म्हणजे.

बायने विचारलं, “कितवा चेहरा?”

सिस्टरने विचार केला. “चौथा म्हण.”

बायने हात पुढे केला. काम झाल्यावर मला कानात सांगितलं, चौथा नव्हता, तिसराच होता, पण सिस्टरला सांगू नको.